जुन्या वर्गखोल्या, पन्नास हजारांचे अनुदान आणि तोंडावर आलेला पावसाळा

लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या शालेय व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी विचारले आहे: आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवी, पट ११२. दोन खोल्या जुन्या, दगडी भिंतींच्या आणि पत्र्याच्या. तीन खोल्या १९९८ सालच्या, स्लॅबच्या. गेल्या पावसाळ्यात एका स्लॅबचे पोपडे वर्गात पडले, नशिबाने मधली सुट्टी होती. दगडी खोलीची एक भिंत फुगल्यासारखी दिसते. बाकीच्या भिंतींनाही तडे आहेत. वर्षाला ५० हजारांचे संयुक्त शाळा अनुदान येते. काही सदस्य म्हणतात रंगरंगोटी करून बोलक्या भिंती (धडे-चित्रे रंगवलेल्या) करू, काही म्हणतात सीसीटीव्ही घेऊ. सुरुवात कुठून करावी?

ताई, सुरुवात कुलपापासून करा. पोपडे पडलेली खोली आणि फुगलेल्या भिंतीची खोली, दोन्ही उद्याच बंद करा. अभियंता येईल, पाहील, अहवाल देईल, मग ठरवू, असा क्रम लावू नका. खोली वापरात ठेवायला अभियंत्याचा दाखला लागतो. बंद करायला तुमची आणि मुख्याध्यापकांची शंका पुरते.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ३१ वर्षे नोकरी केली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षे तुमच्याच भागात गेली. पडलेल्या खोल्यांचे पंचनामे मी केले आहेत. प्रत्येक पंचनाम्यात कोणीतरी सांगायचेच, 'साहेब, माती पडत होती आधीपासून.' अहमदनगरजवळच्या निंबोडीत ऑगस्ट २०१७ मध्ये जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत पडून सात मुले गेली. तिथेही वरून खडे पडत असल्याचे मुलांनी आधी सांगितले होते, असे बातम्यांत आले. तुमच्या शाळेत पोपडे पडून वर्ष होत आले. इमारतीने निरोप दिलेला आहे.

बंद करायची म्हणजे नुसते कुलूप नव्हे. आतली बाके, फळा, तांदळाची पोती, खेळाचे साहित्य सगळे बाहेर काढा. बंद खोलीची हळूहळू अडगळ होते, आणि मग कोणीतरी मुलाला म्हणते, जा रे, आतली सतरंजी आण. माझ्या माहितीतल्या एका शाळेत असेच सतरंजी आणायला गेलेल्या मुलीच्या खांद्यावर छताचा तुकडा पडला. ती वाचली, पण त्या दिवसापासून मी प्रत्येक शाळेत बंद खोली रिकामी आहे का हे आधी पाहायचो. त्या खोलीसमोरचा व्हरांडाही बांबू बांधून अडवा, कारण मुले सावलीला तिथेच बसतात. फुगलेल्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूलाही भिंतीच्या उंचीएवढी जागा मोकळी सोडा. भिंत बहुधा बाहेर पडते.

वर्ग कुठे भरवायचे? समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचे सभागृह, नाहीतर गट शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दोन सत्रे. गैरसोय होईल, पालक कुरकुरतील. ती कुरकुर समितीने अंगावर घ्यायची.

कुलूप लागले त्याच दिवशी समितीची बैठक लावा आणि ठराव लिहा. कोणती खोली, काय दिसले, कधीपासून बंद केली, हे स्पष्ट असू द्या. पत्र गट शिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत बांधकामच्या उपअभियंत्यांना आणि ग्रामपंचायतीला, तिन्ही ठिकाणची पोहोच घेऊन. सोबत फोटो द्या. तड्याचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी धरा, नाहीतर केसाएवढी भेग आणि बोट जाईल एवढी भेग कागदावर सारखीच दिसते. महिनाभरात कोणी फिरकले नाही तर तहसीलदारांना लिहा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे धोकादायक शाळा हा विषय एकट्या शिक्षण विभागाचा राहत नाही.

आणखी एक. यूडायसच्या, म्हणजे दरवर्षी सरकारला भरून द्यायच्या शाळेच्या माहितीत प्रत्येक खोली सुस्थितीत, किरकोळ दुरुस्ती की मोठी दुरुस्ती हे भरावे लागते. बरेच मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा आकडा तसाच पुढे ओढतात. कागदावर खोली 'सुस्थितीत' असेल तर तुमच्या मागणीला पायाच उरत नाही. यंदाची माहिती भरताना तुम्ही शेजारी बसा.

आता एकेक खोली पाहू. दगडी खोलीला मी जास्त वेळ देतो, कारण तुमचा जिल्हा लातूर आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. दगडी भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या. पण त्या जाडीत खरे तर दोन वेगळ्या भिंती असायच्या, बाहेरची दगडांची एक रांग, आतली एक, आणि मध्ये माती-खडी. दोन्ही रांगांना आरपार बांधणारे बांधदगड नव्हते. जमीन हलली, रांगा सुटल्या, आणि वरच्या माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यावेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात आला. पहाटेची वेळ होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हाच धक्का सकाळी अकराला बसला असता तर काय झाले असते, हा विचार मला अजून सोडत नाही.

तुमची भिंत 'फुगली' आहे म्हणजे तिचे पोट सुटले आहे, त्या दोन रांगा एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत. ओळंबा लावून पाहा. भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडा आणि दर दोन फुटांवर दोरी ते भिंत अंतर मोजून लिहून ठेवा. पोट सुटलेल्या भागावर बाहेरून सिमेंटचा गिलावा मारणे हा सगळीकडे चालणारा उपाय आहे आणि तो घातक आहे. आतली माती ओली राहते, वजन वाढते आणि पोट डोळ्यांना दिसेनासे होते. तेवढा भाग टेकू देऊन उतरवून बांधदगडांसह पुन्हा बांधावा लागतो.

दुसरी दगडी खोली सरळ उभी असेल तर तिला वाचवता येते. दरवाजा-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर भिंतीला आतून-बाहेरून जाळीचा सिमेंट पट्टा, घराला कमरपट्टा बांधावा तसा, चारही बाजूंनी सलग. आणि ठराविक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात आकड्याची सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही रांगा एकमेकींना धरतात. किल्लारीनंतर ही पद्धत या भागात वापरली गेली, जुन्या गवंड्यांना ती आठवत असेल. मात्र अंदाजपत्रक आणि देखरेख अभियंत्याचीच हवी.

पत्र्याचे काम त्यामानाने सोपे. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की मराठवाड्यात शाळांचे पत्रे उडतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोली-मंडणगड भागात कितीतरी शाळांची छपरे नेली, तिथेही बहुतेक गोष्ट तीच. वारा पत्र्याला दाबत नाही, वर उचलतो. म्हणून कडेच्या आणि वळचणीच्या ओळीत आकडे बोल्ट दुप्पट हवेत, गंजलेले बदललेले हवेत, आणि पत्र्याच्या खालचा लोखंडी अँगल भिंतीत पक्का रोवलेला हवा. पत्र्यावर दगड ठेवायची सवय मोडा. वाऱ्यात तेच दगड खाली येतात.

स्लॅबच्या खोल्या. १९९८ च्या सुमारास गावोगावच्या कामांत सळईखाली ठोकळे ठेवण्याऐवजी खडीचे तुकडे ठेवले जायचे. सळईखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीट हवे, तिथे अनेकदा नुसता गिलावाच असतो. वरून पाणी मुरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. छताला सरळ, सारख्या अंतरावरच्या भेगा दिसल्या किंवा तांबूस डाग दिसले तर तिथे आत सळई गंजते आहे असे समजा. लांब बांबूने छत ठोकून पाहा, तुकडा पडला तर अंगावर येणार नाही असे कडेला उभे राहून, डोक्याला हेल्मेट घालून. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत सुटलेले आहे. तेवढ्या भागाला खडूने गोल करा. उरलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या अशा ठोकल्याशिवाय जूनमध्ये उघडू नका.

दुरुस्ती म्हणजे सुटलेले सगळे काँक्रीट काढायचे, सळई तारेच्या ब्रशने लख्ख करायची, ती बारीक झाली असेल तर जोड सळई द्यायची, गंजरोधक लावायचे, मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचे. कंत्राटदार पोपडा पडला तिथे गिलावा करून रंग मारू असे म्हणाला तर त्याला परत पाठवा. फॉल सिलिंग तर मुळीच नको, त्याने फक्त तडे झाकले जातात.

गळती थांबवायला गच्चीवर कोबा (विटांच्या तुकड्यांचा जाड थर) घालू, असेही कोणी सुचवेल. थांबा आणि आधी वजन मोजा. चार इंचांचा विटांचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. २० बाय २० फुटांच्या खोलीवर सात टन. जिथे माणसे जातात अशा गच्चीसाठी आपण चौरस मीटरला १५० किलोचा भार धरून स्लॅब आखतो, तोही स्लॅब धडधाकट असताना. जुन्या कोब्यावर नवा कोबा घातलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. गच्चीची पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली आणि चार इंच पाणी साचले, तरी दर चौरस मीटरला शंभर किलो वाढतात. म्हणून दुरुस्तीच्या यादीत पहिले नाव झाडूचे. गच्ची झाडून पावसाळी पाइप मोकळे करायला एक माणूस, एक दिवस लागतो.

राहिले 'बाकीच्या भिंतींचे तडे'. तुमच्याकडे काळी जमीन असेल तर त्यातले बरेच जमिनीचे आहेत. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंत तिच्यासोबत वरखाली होते. असे तडे बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके निघतात, मे महिन्यात रुंदावतात, सप्टेंबरात मिटतात. ते बुजवत बसून उपयोग नाही. जमिनीतला ओलावा वर्षभर सारखा राहील असे करायचे. जोत्याभोवती तीन-चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन, पागोळ्यांचे पाणी नालीत, हात धुण्याच्या नळाचे पाणी भिंतीपासून दूर, आणि भिंतीलगत मोठे झाड नको. तडा वाढतो आहे का हे कळण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, आणि मधोमध काचेची अरुंद पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवा. काच तडकली की तडा जिवंत आहे. तो ऋतूबरोबर उघडत-मिटत असेल तर घाई नाही. एकाच दिशेने वाढत असेल, किंवा तुळईच्या टेकणाखाली, खांबावर असेल, तर तीही खोली बंद.

आता पन्नास हजार. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचेच असतात. स्लॅबची मोठी दुरुस्ती किंवा भिंत नव्याने बांधणे या पैशात बसणार नाही, त्यासाठी समग्र शिक्षा ही सरकारी शिक्षण योजना, जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी यांच्याकडे प्रस्ताव जायला हवा. फुगलेली खोली दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव. उपअभियंत्यांचा दाखला आणि जिल्हा परिषदेची मंजुरी मिळाल्याशिवाय ती पाडता येत नाही, आणि ती कागदावर उभी असेपर्यंत तिच्या जागी नवी खोली मागणे अवघड जाते. हे प्रस्ताव वर्ष-दोन वर्षे फिरतात, म्हणून आत्ताच टाका. अनुदानाचे पैसे मी असे लावले असते: गच्ची आणि पाणी, पत्र्याचे बोल्ट, जोत्याची फरसबंदी, वीज, मुलींचे स्वच्छतागृह. रंग उरलेल्या पैशात. बोलक्या भिंतींना माझा विरोध नाही, मुलांना त्या आवडतात. पण ज्या भिंतीवरचे तडे अजून वाचायचे आहेत तिच्यावर यंदा रंग नको.

विजेबद्दल थोडक्यात. ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह रोधक ब्रेकर मुख्य फलकावर बसवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी आहे का पाहा, आणि पाण्याची मोटर, संगणक, पंखे सगळे त्या अर्थिंगला जोडलेले आहेत का हे वायरमनकडून लेखी घ्या. गंजलेल्या स्लॅबमधला पंख्याचा आकडाही गंजलेला असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्वयंपाकाची खोली वर्गापासून वेगळी, सिलिंडर बाहेर, आणि गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे झरोका खाली जमिनीलगतही हवा. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. जिना अरुंद होता. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे नियम बांधून दिले. तुमची शाळा बैठी आहे हे चांगले. वर्गाचे दार बाहेर उघडते का, आणि शाळा भरलेली असताना फाटकाला कुलूप असले तर किल्ली कोणाच्या खिशात असते, एवढे मात्र आजच पाहून घ्या.

फाटकाचेच आणखी सांगतो. सरकत्या लोखंडी फाटकाचा शेवटचा अडसर तुटला की ते रुळावरून निघून आडवे पडते, आणि मुले त्यावर झोके घेतात. अडसर वेल्डिंग करून घ्या, काही रुपयांचे काम आहे. कुंपणाची भिंत एकेरी विटेची असेल तर दर आठ-दहा फुटांवर खांब आहेत का पाहा. तिच्याशी माती किंवा वाळूचा ढीग टेकवू देऊ नका. पावसात ओल्या ढिगाने भिंती ढकलल्या जातात, आणि त्यांच्या सावलीत खेळणारी मुले भिंतीखाली सापडतात.

कॅमेऱ्याचा प्रश्न तुम्ही मोकळेपणाने विचारलात, म्हणून मीही मोकळेपणाने सांगतो. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर राज्य सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) यांबद्दल आदेश काढले, ते पाळायचेच आहेत. कॅमेरा फाटकावर आणि व्हरांड्यात लावा, आणि चित्रण दर आठवड्याला कोण पाहणार हे ठरावात नावानिशी लिहा. पण मुलींची सुरक्षितता आधी स्वच्छतागृहाच्या जागेवर ठरते. ते शाळेच्या मागे, निवडुंगाच्या आडोशाला बांधलेले असेल तर कॅमेरा काही करू शकत नाही. वाट वर्गातून दिसेल अशी हवी, दिव्याखालची हवी, आत जाण्याचे दार मात्र आडभिंतीने झाकलेले. कडी लहान मुलीच्या हाताला पोहोचेल आणि खरोखर लागेल अशी. बादलीत पाणी, झाकणाची कचरापेटी. चाळीस मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या असा निकष आहे. तुमच्याकडे किती आहेत, आणि त्यातल्या किती आज वापरता येतात, हे सहावी-सातवीच्या मुलींना समितीतल्या एखाद्या बाईने एकटीने जाऊन विचारावे. मुख्याध्यापकांसमोर त्या सांगणार नाहीत. माझ्या पाहण्यात, पाणी नसलेल्या शाळेत मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

पुढे नवी खोली मंजूर झाली तर समितीने जागा ठरवतानाच बोलायला हवे. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची, म्हणजे पश्चिमेचे ऊन वर्गात येत नाही. उताराची जागा नको. काळ्या जमिनीत साधा खड्डा-पाया न करता खोल, तळाशी कंदासारखे फुगवलेले खांब करून घ्या, अभियंत्यांना हे तंत्र माहीत असते, आग्रह तुमचा हवा. रॅम्प एकास बारा उताराचा, कठड्यासह, आणि शौचालयापर्यंत जाणारा. स्लॅब ओतण्याच्या दिवशी समितीतले दोन जण तिथे हजर राहा. सळईखाली सिमेंटचे ठोकळे आहेत ना, काँक्रीटमध्ये पाणी सैल ओतत नाहीत ना, आणि पुढचे निदान दहा दिवस स्लॅबवर पाणी उभे आहे ना, एवढे तीन प्रश्न विचारायला अभियांत्रिकी शिकावी लागत नाही. १९९८ ला कोणी हे विचारले असते तर तुमचे पोपडे पडले नसते.

आणि या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस लागेल तेव्हा, पाऊस चालू असतानाच छत्री घेऊन शाळेला एक फेरी मारा. गच्चीचे पाणी कुठून पडते, जोत्याशी कुठे साचते, कोणत्या भिंतीला आतून ओल फुटते, हे कोरड्या दिवशी दिसत नाही. खडूने खुणा करा, वर तारीख लिहा, आणि शाखा अभियंता येतील तेव्हा त्यांना आधी त्या खुणा दाखवा.